पहिल्या कवितेचा कागद

१९५९, माघातला एक शनिवार, सकाळची शाळा. हजर: अकरावीची अकरा मुलं, मराठीचे मास्तर, आणि शेवटच्या बाकावर पुस्तकांच्या कपाटाची यादी करत बसलेला गणिताचा मी.

महाडच्या आमच्या शाळेत मास्तर कवितांची तुलना शिकवत ती अशी: फळ्यावर दोन कविता, कवींची नावं नाहीत. मुलं आधी एकीबद्दल पानभर लिहीत, मग दुसरीबद्दल पानभर. मास्तर वही परत करत. "दोन घरं छान बांधलीस. मधली पायवाट कुठाय? दोघींना एकमेकींशी बोलू दे की रे!"

मी एकदा साम्य-फरकाचा तक्ता आखून दिला. म्हणाले, "वा! बाजाराची यादी झाली. आता स्वयंपाक करा."

त्या शनिवारच्या दोन्ही कविता मूल गेल्याच्या होत्या. पहिलीत नियती, काळोख, अश्रू. दुसरी म्हणजे एक ओवी:

वाळला परकर, घडी करू कुणासाठी
राहू दे गो दोरीवर, वाऱ्याला खेळायासाठी

पुढच्या बाकावरची मुलगी उठली. "सर, पहिलीत दुःख हाय. दुसरीत पोर हाय."

"बरोबर," म्हणून मास्तर फळा पुसायला वळले. पुसून झाला तरी वळलेलेच राहिले.

तास सुटल्यावर मला म्हणाले, "पहिली माझी. दुसरी आमच्या हिची. पहाटे दळताना म्हणते."

त्यांची मुलगी आदल्या वर्षी तापाने गेली होती. तेव्हापासून वहिनी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. ज्याच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही, त्याच्याशी काय बोलायचं? आणि वहिनींना वाचता येत नव्हतं.

"तुम्ही तिला वाचून दाखवा," मास्तरांनी कागद पुढे केला. "मी वाचली तर तिला तास वाटेल. कविता वाईट आहे, ठाऊक आहे. पण त्याच रात्रीची आहे."

"परीक्षा होऊ द्या," कागद खिशात ठेवत मी म्हटलं. परीक्षा झाली, निकालपत्रकं झाली. वैशाखात मास्तर काविळीने गेले.

वहिनी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एका वाडीत भावाकडे राहायला गेल्या. पावसाळा सरल्यावर मी गेलो. त्यांनी चहा केला, यंदा नाचणी बरी आहे म्हणाल्या. मग आपणच बोलल्या, "भावजी, त्यांना लय कविता यायच्या. पोरीसाठी मातर एक शब्द नाय निघाला."

मी खिशात हात घातला. तेवढ्यात दारातून भाऊ म्हणाला, "गुरुजी, निघा आता. शेवटची एसटी जाईल."

वक्तशीर माणूस मी. उठलो.

त्याला नऊ वर्षं झाली. वहिनी अजून त्याच वाडीत आहेत. कागद वाचून दाखवायचा राहिला आहे.