न घसरणारी टाइल

सासूबाई पडू नयेत म्हणून आम्ही लातूरच्या घरामागच्या अंगणात फरशी बसवली.

त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. वॉकर घेऊन चालायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता पडल्या तर अवघड आहे.

गफूरमिस्त्री म्हणाले, "भाभी, शहाबादी डालो. खडबडीत हाय, अम्माला बरी."

"नको," मी म्हणाले. शहाबादी माझ्या माहेरी निलंग्याला म्हशींच्या पायाखालीसुद्धा आहे. (मला गोठा नको होता, अंगण हवं होतं.)

दुकानात मी क्रीम रंगाची टाइल निवडली. "घसरत नाही मॅडम," दुकानदार म्हणाला. असल्या बोलण्यावर मी विश्वास ठेवत नाही. पर्समधल्या बाटलीतलं पाणी टाइलवर ओतलं, चप्पल काढून तिच्यावर चालले. मग साबण मागितला. साबणावरही चालले. नवरा तोवर नळांच्या विभागात, माझी ओळख नसल्यासारखा उभा होता. टाइल पास झाली.

बसवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लई चकाकायली गं."

"आई, साबणावर चालून बघितलंय!"

दुसऱ्या सकाळी त्या नेहमीसारख्या मागं उन्हात बसल्या आणि गुडघ्याला करडईचं तेल चोळलं. सढळ हातानं. निम्मं गुडघ्याला, निम्मं टाइलला. मग उठायला लागल्या.

"थांबा, मी धरते," म्हणत मी धावले आणि त्यांना न धरता थेट तुळशीपर्यंत गेले.

घोटा मोडला. माझा.

दीड महिना प्लास्टर. सासूबाईंनी त्यांचा वॉकर मला दिला आणि स्वतः भिंत धरून चालायला लागल्या. आठवड्यानं भिंतही सुटली. चहा, भाकरी, गोळ्या, सगळं मला जागेवर आणून दिलं. त्या तेलावर पहिला पाय माझा पडला, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

"तेलाचं आधी बोलायचं ना, आई," मी एकदा म्हणाले.

"तू दुकानदाराला इचारलंस. मला कुठं इचारलंस?"

टाइल उखडून मिस्त्रींनी शहाबादी बसवली. "ये तेल पी जाती, भाभी," एवढंच म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही. भला माणूस.

सासूबाई आता त्यावर बिनधास्त चालतात. वॉकर कोपऱ्यात असतो. आल्या-गेल्या कुणी विचारलंच, तर त्या शांतपणे सांगतात, "आमच्या सूनबाईचा हाय. तिला जरा जपावं लागतं."