एकाच बाजूने लिहा

माझी वहिनी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसते. एकवीस वर्षं झाली. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ, गढूळ नसेल तर बिल चुकलेलं. माणसं तावातावाने येतात आणि वहिनी काचेच्या भोकातून पहिलं वाक्य तेच म्हणते, "तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे." निम्मी माणसं तिथेच गार पडतात. उरलेल्यांना ती बसायला खुर्ची देते.

याच वाक्याने तिची बढती दोनदा अडवली. वरिष्ठ लिपिक व्हायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात बाजू पटवून देणारा निबंध असतो. प्रश्नाखाली ठळक छापलेलं असतं : एकाच बाजूने लिहा. वहिनी दोन्ही वेळा दोन्ही बाजूंनी लिहून आली. वयाची अट असल्यामुळे ही तिसरी संधी शेवटची होती.

मी शाळेत भाषा शिकवते, शिवाय माझी जीभ तिखट आहे असं घरचे म्हणतात. त्यामुळे शिकवणी माझ्या गळ्यात पडली. दर रविवारी दुपारी मी माहेरी जायचे आणि जेवणाचं टेबल पुसून आम्ही बसायचो. वहिनी माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तरी मी नणंद, म्हणून तिने मला 'वन्सं, तुम्ही' म्हणायचं आणि मी तिला अगं-तुगं करायचं, असं पहिल्यापासून चालत आलेलं.

पहिला विषय दिला : लहान मुलांना मोबाइल द्यावा का? तिने लिहिलं, "देऊ नये म्हणणाऱ्यांचं अगदी बरोबर आहे. मात्र द्यावा म्हणणाऱ्यांच्याही अडचणी समजून घेतल्या पाहिजेत."

"वहिनी, तू निबंध लिहितेस की सोयरीक जुळवतेस?"

"पण दोघांचंही खरंच आहे ना, वन्सं."

"असू दे. तुला मनापासून काय वाटतं ते सांग."

ती पेनाचं टोपण लावत-काढत बसली. "मला कुणी कधी विचारलं नाही हो," म्हणाली आणि हसली. तेवढ्यात आतून आईने हाक मारली. मांडीचं हाड मोडल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, आईला उठता-बसता माणूस लागतं. दादाची नोकरी फिरतीची. दिवसा एक बाई येते, बाकी सगळं वहिनीच बघते. तासाभरात तीन हाका यायच्या. ती परत आली की मी घड्याळाकडे बोट दाखवायचे. "लक्ष कुठे असतं तुझं? शेवटची संधी आहे ही!"

चार महिने मी तिच्या वहीतल्या प्रत्येक 'मात्र'वर लाल रेघ मारली. हळूहळू ती 'माझं ठाम मत असं आहे की' असं लिहायला लागली. पण लिहून झालं की दुधाला तोंड लावताना सापडलेल्या मांजरीसारखी माझ्याकडे बघायची.

परीक्षेच्या दिवशी मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. ती बाहेर आली, तिच्या बोटांना शाई लागलेली होती. समोरच्या टपरीवर चहा घेतला.

"विषय काय आला?"

"वृद्ध आईवडिलांची जबाबदारी मुलींनीही बरोबरीने घ्यावी का?"

"अगं, सोपा की! कुठली बाजू घेतलीस?"

"घ्यावी."

"आणि मुद्दे?"

तिने कप खाली ठेवला. "रागावू नका. मी लिहिलं की मुली म्हणतात, आम्ही आता परक्या घरच्या. पण माहेरच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते त्यांना बरोबर ठाऊक असतं. मग औषधाची वेळही ठाऊक हवी. मुलींना वेळ नसतो, हेही खरं नाही. माझ्या माहितीतली एक मुलगी दर रविवारी तीन तास माहेरी येऊन दुसऱ्याला निबंध शिकवते. त्या तीन तासांत आईने हाक मारली, तर ती घड्याळ बघते."

मला राग आला, खूप आला. हिला मी शिकवलं आणि हिने मलाच उदाहरण केलं! मी मुद्दा खोडायला तोंड उघडलं. आयुष्यभर पोरांचे मुद्दे खोडत आलेय, पण हा खोडता येईना. मला लाज वाटली. आईच्या गोळ्या सकाळी किती आणि रात्री किती, हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी आईला माझ्याकडे आणलं. पहिल्या दिवशी तिला खुर्चीतून उठवताना माझी कंबर लचकली आणि आई म्हणाली, "काखेत हात घाल गं. ती तसंच करते."

दोन महिन्यांनी निकाल लागला. वहिनीचा फोन आला, पास झाली होती. मी जोरात ओरडलेच. आईलाही सांगितलं. मग जरा मऊ आवाजात विचारलं, "आता आईला न्यायला कधी येतेस?"

"अजून चार महिन्यांनी," वहिनी म्हणाली. "सहा महिने तुमचे, सहा माझे. मी तसं लिहून दिलंय, वन्सं, आणि परीक्षकाला पटलंय."