माहेरच्या लोंब्या आणायला पालेगावला

हा ब्लॉग नातीने काढून दिलाय, म्हणून लिहितेय. मी चौथीपर्यंत शिकलेली, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. फिरायला म्हणून लोक काश्मीर करतात, केरळ करतात. मी उल्हासनगरहून पालेगावला गेले. अंबरनाथ पूर्वेला लागूनच आहे, डब्यातली भाकरी गरम राहील एवढ्या अंतरावर. पण गुडघ्यांपायी कैक वर्षांत जमलं नव्हतं, त्यामुळे मी अशी खूश, की आदल्या रात्रीच साडीला इस्त्री करून ठेवली.

जायचं कारण सांगते. दसऱ्याला आमच्याकडे दाराला नवं बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, झेंडूचं फूल. माझ्या दाराला लोंब्या माहेरच्याच. जमीन बिल्डरला द्यायची ठरली तेव्हा माझा धाकटा भाऊ नामा हक्कसोडीचे कागद घेऊन आला. मी सही केली आणि एवढंच म्हटलं, "मला फ्लॅट नको, पैसा नको. विहिरीजवळचं भाताचं एक खाचर राख आणि दसऱ्याला त्यातलं नवं दे." तेव्हापासून दसऱ्याच्या आदल्या दिवशी नामा जुडी घेऊन येतो. मुळांना ओली माती असते, ती मी माझ्या तुळशीत टाकते. यंदा म्हटलं, आपणच जाऊ. खाचर डोळ्यांनी बघू.

नात सायली कॉलेजात भूगोल शिकते. तीही निघाली. जगाचा बाजार एक झाल्यावर आपल्या गावांचं काय झालं, असं काहीतरी तिला लिहायचं होतं. मी म्हटलं, "भूगोल म्हणजे डोंगर-नद्या ना गं?"

"माणसं पण असतात त्यात, आजी. मानवी भूगोल."

"बरं झालं, आमची कुणीतरी आठवण ठेवली."

निघायच्या आधी नाक्यावर दाल-पकवान खाल्लं. उल्हासनगरात आलात तर सकाळीच खा, दुपारी पकवान मऊ पडतं. समोरच आमच्या शेठची जीन्सची दुकानं. मी संसार केला तो जीन्सचे धागे कापून. गठ्ठा घरी यायचा, शिवणीतून लोंबणारे धागे कात्रीने उडवायचे, बोटं निळी व्हायची. भाकरीला निळा हात लागला की आमचे हे म्हणायचे, "आज कृष्णाचा प्रसाद." मग कपडा धुणारे कारखाने बंद झाले, काम दुसरीकडे गेलं, गठ्ठे यायचे थांबले. सायली म्हणाली, "आजी, कुठल्यातरी लांबच्या देशात कुणी ठरवतं, पँट अजून स्वस्त पाहिजे. मग काम उठून तिकडे जातं आणि नाल्यातला रंग आपल्याकडे राहतो."

शेठ गल्ल्यावरून ओरडला, "मौसी, पोती को बोलो, हमारा भी लिखे! अब तो बाहर का माल हमसे भी सस्ता आता है."

अंबरनाथला उतरून पूर्वेला आलो. शेअर रिक्षा मिळते, चौथी सवारी भरल्याशिवाय हलत नाही. मी रिक्षावाल्याला हौसेने सांगितलं, "पालेगावात विहिरीपाशी सोडा."

"कोणती विहीर, आजी? टॉवरचं नाव सांगा."

मला नाव कुठलं सांगता येणार? सायलीने फोनवर बघून सोडवलं. उतरले आणि मला दिशाच कळेना. चहूकडे टॉवर, गेटवर परदेशातली कसली कसली नावं. वॉचमनला विचारलं तर तो बिचारा बिहारचा, परवाच आलेला. माझ्याच माहेरात मी त्याला पत्ता विचारत होते.

नामाची बायको सुमन खाली घ्यायला आली. मला बघून तिचा चेहराच उतरला. वर घरात नेऊन चहासुद्धा उभ्यानेच दिला.

"नामा कुठाय?"

"बदलापूरला स्टेशनच्या बाजारात गेलेत, वन्सं. तुमचं नवं आणायला." बोलली आणि जीभ चावली.

"बदलापूरला? आणि खाचर?"

तिने खिडकीकडे बोट केलं. खाली निळा पोहण्याचा तलाव होता. विहीर तिथंच कुठेतरी बुजवलेली.

मी बसले नाही. रिक्षा केली, स्वतंत्र केली, आणि तडक बदलापूर. स्टेशनबाहेरच्या बाजारात बारवी धरणाकडच्या गावांतल्या बाया झेंडू, पानं, लोंब्या घेऊन बसल्या होत्या. त्यांतल्या एकीपुढे माझा साठीचा भाऊ उकिडवा बसलेला.

"मुळं कापू नको गं. माती राहू दे, जरा ओली कर. बहिणीला शेतातली वाटली पाहिजे."

"दर साली तेच सांगतोस, दादा," ती हसली.

मी मागून म्हटलं, "नामा."

त्याने वळून पाहिलं आणि जुडी पाठीमागे धरली, पोरासारखी. "बाय, तू कशाला आलीस? मी येतच होतो ना."

"कधीपासून?"

"पहिल्या सालापासून." खाली बघूनच बोलला. "तेवढं खाचर सोडायला बिल्डर तयार नव्हता. तू सही केली होतीस. तुला काय तोंड दाखवू? म्हटलं, निदान लोंब्या तरी चुकायला नकोत."

मला चिडायचं होतं, पण त्याच्या हातावरून चिखल ओघळत होता. मी त्या बाईला विचारलं, "ही तुझ्या शेतातली का?"

"माझं कुठलं शेत, मावशी? मालकाचं. मी कापणीला जाते. त्याने पण विकलं. पुढल्या साली तिथं बंगले होणार."

सायलीने वही उघडली होती, ती मिटली.

नामा म्हणाला, "बाय, पुढल्या साली आणखी आत जाईन. मुरबाडकडे कुठेतरी मिळेल."

"जा," मी म्हटलं. "आणि मला सांग, शेतातलीच आहे."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला नवं बांधलं. सुनेने विचारलं, "मामांच्या शेतातलं ना?" मी हो म्हटलं. सायलीने माझ्याकडे पाहिलं आणि फुलं ओवत राहिली.

पालेगावला कसं जायचं, काय बघायचं, हे सगळं लिहायचं ठरवून निघाले होते. रिक्षाचं लिहिलंय. बघायचं काय, ते सुचत नाही. आणि मुळांची माती यंदा तुळशीत टाकली नाही. कागदात बांधून खिडकीत ठेवलीय. कुठल्या गावची म्हणून टाकू?