सव्वा मूठ, पण कोणाची?

माय गेल्याचं कळलं तेव्हा मी जळगावला छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत होतो. शेजारच्या मेडिकलवाल्याने हाक मारली. धुळ्याहून मोठ्या भावाचा फोन होता. "सकाळी चहा पिता पिता गेली रे..." एवढंच तो बोलला. आता महिना उलटलाय. पण माय आठवली की आधी हसूच येतं, त्याला काय करू!

आमचं गाव दोंडाईचाजवळ. आम्ही दोघं भाऊ घरी जायचो ते एसटी थांबावी तसे... चहा, जेवण, की उचलली पिशवी. भावाला ऑफिस, मला मोर्चे. कामगाराने किती तास राबावं हे आम्ही पत्रकात ठणकावून लिहितो. म्हाताऱ्या आईबापाला मुलाचे किती दिवस मिळावेत, ही मागणी अजून कुठल्याच पत्रकात आलेली नाही. मायने मात्र ती मांडली, आणि मान्यही करून घेतली.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्या पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या करायच्या, आणि त्या घरच्यांनीच पुनवेच्या आत संपवायच्या. बाहेरच्याला घासही द्यायचा नाही. बायकांच्या नावाची मूठ का नाही, यावरून मी दरवर्षी भांडायचो. माय जात्याकडे बोट दाखवून म्हणायची, "मंग ते दयन कोन दयी? तू?"

एका वर्षी मी असाच आलो. दुसऱ्या दिवशी चाळीसगावला सभा होती. खातोय, खातोय, पण माझ्या वाट्याचे रोट काही सरेनात.

"माय, एवढे कसे?"

"सव्वा मूठच शे."

"कोणाची मूठ?"

आबा, म्हणजे आमचे वडील, आढ्याकडे बघू लागले. दाराआड काका हसले. हे आमचे नानाकाका, जुने पैलवान. त्यांचा पंजा म्हणजे सूपच. माझ्या नावाचे गहू मायने त्यांच्या मुठीने मोजून घेतले होते.

"घरनीच मूठ शे ना! देवीले चालस, तुले काय व्हयनं?"

"मी देवीला मानत नाही."

"मानू नको. खाय."

अन्न वाया घालवायचं नाही, हे माझंच तत्त्व. मायने मला बरोबर त्यातच पकडलं. सभा माझ्यावाचून झाली, आणि चांगली झाली म्हणे. मी ओसरीवर मायशेजारी बसून शेंगा फोडल्या, तिला माझं पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं. "बठ्ठं खरं शे," ती म्हणाली, "पन कितलं लांबडं!" तेव्हापासून माझी पत्रकं एका पानाची झाली.

तेरावं झालं, भाऊ धुळ्याला गेला. मीही पिशवी खांद्याला लावली आणि निरोप घ्यायला चुलीकडे गेलो. जन्मात कधी चुलीपाशी न बसलेले आबा परातीत कोपरापर्यंत बुडाले होते. कणीक दहा माणसांची.

"आबा, एवढी कोण खाणार?"

त्यांनी मान वर केली नाही. "हात बसेल नही आजून. जास्त व्हई गयी... आते फेकी देवानं का?"

मी पिशवी खुंटीला अडकवली.

आबांचा हात अजून बसलेला नाही. कणीक रोज जास्तच होते. हे लिहितोय तेही गावाहूनच.