धुराड्यामागचं बाकडं

पनवेलच्या बाजारात रंगाच्या दुकानासमोरून जाताना थिनरचा वास आला की मला ती बोट आठवते. कोकण किनाऱ्यावरच्या एका जुन्या प्रवासी आगबोटीची हातभर लांबीची प्रतिकृती मी आणि माझा मित्र दोन वर्षं बनवत होतो. माझे वडील उरणचे, त्या बोटीवर खलाशी होते. धुराड्यामागे त्यांनी स्वतः ठोकलेलं एक बाकडं होतं. ते कुठल्याच आराखड्यात नव्हतं, पण त्यांच्या सांगण्यावरून मी काडेपेटीच्या काड्यांचं इवलंसं बाकडं करून तिथे चिकटवलं. अंथरुणावरूनच चष्मा पुसून त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हां, हितंच बसायचो आमी. पाठीला गरम लागायचं." ते गेले तेव्हा दिवसकार्य होईपर्यंत बोट मित्राने सांभाळायला नेली. महिन्याभराने ती मला प्रतिकृतींच्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत दिसली, पहिल्या बक्षिसाची फीत लावलेली. धुराड्यामागे नुसता ताजा करडा रंग होता. "बाकडं कुठंय?" पेटीशेजारी उभ्या मित्राला मी विचारलं. "अरे, ड्रॉइंगमध्ये नाहीच ते. परीक्षकांनी मार्क कापले असते," तो हसत म्हणाला. "तू पण ना, बोटींचा एवढा अभ्यास करतोस आणि हे विचारतोस!" "पण ठेवलंयस ना कुठंतरी?" "टेबल झाडताना गेलं असेल रे." तेवढ्यात लोक जमले, फोटो काढायला सगळ्यांनी आम्हाला जवळ उभं केलं, आणि मी त्याच्याशी हात मिळवून अभिनंदन म्हणालो. त्याच्याशी बोलणं मी पुढे सोडलं. पण त्या एका शब्दासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.