बहार कुणी धरायचा

राजलक्ष्मी माती तपासते. बारामतीत तिची स्वतःची लहानशी प्रयोगशाळा आहे. वरकुट्याहून रोज स्कूटीवर जाते, दिवसभर लोकांच्या शेतातली माती बघते आणि कुणाचं खत कुठं चुकतंय ते तोंडावर सांगते. लोक ऐकतातही. पण वय चौतीस आणि लग्न नाही, एवढं कळलं की तेच लोक असं तोंड करतात, जणू घरात कुणी गेलंय. तिचा चुलतभाऊ अडतिसाचा, तोही बिनलग्नाचा. त्याला मात्र म्हणतात, पोराच्या जातीला काय, मिळंल कवाबी!

दोन वर्षांपूर्वी कऱ्हाटीचं स्थळ आलं होतं. ऊसवाले लोक, मुलगा सुयोग एकेचाळीस वर्षांचा. पोहे झाले, चहा झाला. मग सुयोगच्या आईनं, सिंधुबाईनं, सुपारी या गालातून त्या गालात घेत सांगितलं, "पोरगी पसंत हाय. पन वय झालंय, तवा एकदा बारामतीला दाखवून घ्या. पोरंबाळं व्हत्याल का न्हाय, तेवढं कळलं म्हंजी झालं."

"बरं," राजलक्ष्मी म्हणाली. "आनी सुयोगरावांची तपासनी कवा करताय?"

पाहुणे तडक उठून गेले. "जरा तोंड आवरलं असतंस तर दारात मांडव पडला असता," असं तिचे वडील दत्तोबा पुढं कितीतरी दिवस ऐकवत राहिले.

तपासणी तिनं केली, पण स्वतःसाठी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज सगळं ठीक आहे, पुढच्या काही वर्षांचं सांगता येत नाही. हवं तर स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतात. पुढं मूल होईलच अशी हमी नाही, पण संधी राहते. राजलक्ष्मीला मूल हवं होतं. घाईत उरकलेला नवरा नको होता. एवढी साधी गोष्ट, पण कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ. भावकीनं परस्पर कारणं लावून टाकली. शिकून शेफारलीय. कुणीतरी फसवलं असेल. पैशाच्या मागं लागलीय. तिला विचारायला एकही जण आला नाही.

इंजेक्शनं घरच्या फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्यामागं ठेवली होती. ती रोज आई, कुशाबाई, द्यायच्या. त्यांना मधुमेह; स्वतःला सुई टोचून टोचून हात बसलेला. पोटाची कातडी चिमटीत धरायच्या, सुई टोचायच्या आणि म्हणायच्या, "झालं, बाय." पोट फुगायचं, अंग दुखायचं, आणि राजलक्ष्मी तशीच कामावर जायची. शेवटी पुण्याला जाऊन बीजं काढून ठेवली. पैसे तिचे, सुट्टी तिची, दुखणंही तिचंच.

दत्तोबांनी मात्र बोलणं टाकलं. भिंतीकडं तोंड करून जेवायचे. काही महिन्यांनी ते आपसूक निवळले, "स्कूटी दमानं चालव" म्हणायला लागले. बापाला पटलं म्हणून ती पोरगी मोरीत जाऊन रडली. बापाला पटलं होतं खरं, पण कसं, ते परवाच्या रविवारी कळलं.

कऱ्हाटीचे पाहुणे पुन्हा दारात! दत्तोबांनीच निरोप धाडला होता, लेकीला न विचारता. पोह्यांच्या बशा फिरल्या आणि ते ऐटीत म्हणाले, "आता वयाचं मनावर घिऊ नका. पोरीची बीजं पुन्याला जपून ठिवल्यात. आवं, आमी डाळिंबवाली मानसं. पानी तोडून बाग ताणावर ठिवायची, भाव बघून पानी सोडायचं, मग फुलं येत्यात. तसंच हे. तुमी म्हनाल तवा बहार धरा!"

सिंधुबाई मान डोलवायला लागली. सुयोग पोह्यातले शेंगदाणे वेचत होता.

राजलक्ष्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटावरचे सुयांचे ते निळे डाग कधीच गेले होते, पण त्या क्षणी पुन्हा ठणकले. तिच्या अंगातून काढलेली वस्तू बापानं बैठकीत मांडली होती, आंदणाच्या भांड्यांसारखी.

"आबा, बहार कवा धरायचा हे झाडाला कुनी इचारत न्हाय," ती म्हणाली. "मी झाड न्हाय. ती बीजं माझी हायत. त्यातलं तुमी कुनाला कायबी देऊ शकत न्हाय."

"अगं, पाव्हन्यांम्होरं..." दत्तोबा पुटपुटले.

"मग ठिवली तरी कशापायी?" सिंधुबाईनं विचारलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न राजलक्ष्मीला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"तुमच्यासारख्यांना घाईघाईनं व्हय म्हनायची पाळी येऊ नये म्हनून."

कुशाबाई उठल्या, पदर खोचला आणि पाहुण्यांच्या हातातल्या बशा एकेक करून काढून घेतल्या. पोहे अजून अर्धे शिल्लक होते.