हसायला बोलावलेली माणसं

हसवायच्या प्रोग्रामला बारा वर्षं जाऊन बसलं की माणसाजवळ सगळे रडायचेच किस्से जमा होतात. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागं दुसरा येऊन उभा राहतो. म्हणून म्हटलं, सांगूनच टाकतो एकदाचे. ऐकणारे तरी किती उरले म्हणा!

रायपूरला रेडिओवर महिन्यातून एकदा मराठी विनोदी कार्यक्रम लागतो, ‘बसा पाच मिनिटं’. नावात पाच मिनिटं, असतो अर्धा तास. लिहिणारे, बोलणारे, सासूपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आवाज काढणारे एकच, ब्राह्मणपाऱ्यातले नाना देवगावकर. रेल्वेतून रिटायर झाले आणि यातच पडले. दुसऱ्या शनिवारी सकाळी रेकॉर्डिंग, आणि समोर पब्लिक पाहिजेच. टेपवरचं तयार हसू नानांना चालत नाही.

"डब्यातलं हसू मले नको! माणूस समोर बसून हसला पाहिजे!"

ती माणसं म्हणजे आम्ही. पहिले साठ होतो. कोणी पोराकडे पुण्याला गेलं, कोणी वर गेलं. आता नऊ उरलो.

*

रेकॉर्डिंगच्या वेळी एसी बंद करतात, आवाज येतो म्हणून. दारं बंद. आणि महिना मे! रायपूरचा मे ज्यानं काढला, त्याला नरकात गेल्यावर नवीन काही पाहायला मिळणार नाही.

पाटणकर काकू वहीनं वारा घेत होत्या. काचेमागून इंजिनिअर साहूजी ओरडले, "दीदी, कॉपी मत हिलाइए, फड़फड़ आ रही है!" काकूंनी वही खाली ठेवली आणि घाम पुसत बसल्या. तेवढ्यात नानांनी जोक सोडला. "यंदा थंडी इतकी, की दूधवाल्यानं दुधात पाणी टाकलंच नाही. बर्फ टाकला!"

रेकॉर्डिंग सात महिने पुढं चाललेलं, एपिसोड डिसेंबरात लागणार होता ना! माझ्या बाजूचे कुळकर्णी, बँकेतले, हळूच म्हणाले, "नाना, त्याच बर्फात मलेही टाका."

हसू आलं ते त्याला. नानांच्या जोकला नाही. नाना दोन महिने कुळकर्ण्यांशी बोलले नाहीत.

*

दुसरी गोष्ट म्हणजे रिटेक. नटाला रिटेक असतो हे सगळ्यांना माहीत आहे. हसणाऱ्यालाही असतो, हे कोणी सांगत नाही! जावयाचा एक जोक चार वेळा घ्यावा लागला. एकदा बाहेर हॉर्न वाजला, एकदा नानांना ठसका लागला, एकदा कुळकर्ण्यांचं कानातलं मशीन शिट्टी मारू लागलं. दर वेळी आम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसायचं. चौथ्या वेळी नानांनी नुसतं "आमचे जावई..." म्हटलं आणि कुळकर्णी खदाखदा हसत सुटले.

"अहो, जोक तर येऊ द्या!" नाना चिडले.

"आता काय यायचा राहिला? पाठ झाला मले. तुमाले दम लागला असंन तर बसा, मीच सांगतो!"

*

नवीन पिढी आणा, नवीन पिढी आणा, असं नाना माझ्या मागं लागले. मी आपल्या नातीला, सानिकाला, घेऊन गेलो. आमच्या चौबे कॉलनीपासून स्टुडिओपर्यंत मीच मराठीत बोललो, ती हिंदीत उत्तरं देत राहिली. पण काय हसली ती पोट्टी! सगळ्यात जास्त. नाना तर खूश! मला म्हणाले, "गजाभाऊ, आपल्या मागं कोणी आहे बरं."

परतताना स्कूटीवर मी विचारलं, "काय आवडलं तुले?"

"समझ में तो कुछ नहीं आया आजोबा. पर आप लोग इतनी मेहनत से हँस रहे थे, मुझे वो देखकर हँसी आ गई."

नानांना हे मी आजपर्यंत सांगितलं नाही. सांगून काय करू?

*

आमच्यातले जोशी सर गुरुवारी गेले. शनिवारी रेकॉर्डिंग. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची तशीच ठेवली आणि उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली. पाटणकर काकू पदर तोंडाला लावून रडत होत्या, तेही आवाज न करता. बारा वर्षांची सवय!

दोन मिनिटं झाली. साहूजी काचेमागून बाहेर आले, हात जोडले, डोळे ओले. मला वाटलं काही चांगलं बोलतील.

"भैया, बुरा मत मानना. इतना साफ साइलेंस इस स्टूडियो में आज तक नहीं मिला. मैंने रिकॉर्ड करके रख लिया है."

मग खुर्चीवर बसलो आणि हसायला लागलो. पहिलाच जोक डॉक्टरचा होता.

*

आता हा गेल्या महिन्याचा. रेडिओत नवीन साहेब आले. माणूस वाईट नाही, पण मराठी येत नाही, त्यामुळं तो फक्त हसू मोजतो. नानांना बोलावून म्हणाला, "हँसी सुनाई ही नहीं देती. अगली रिकॉर्डिंग में मैं खुद बैठूँगा. पब्लिक आई तो ठीक, नहीं तो प्रोग्राम बंद."

त्या दिवसापासून नानांचं जेवणच तुटलं. वहिनींनी मला फोन केला, "भाऊजी, हे बंद झालं तं हा माणूस दिवसभर करन काय हो? घरात याच्याशी मराठीत बोलणारी मी एकटी!"

मी आणि कुळकर्ण्यांनी डोकं लावलं. त्यांच्या भाच्याची भनपुरीत सिक्युरिटी एजन्सी आहे. रात्रीची ड्युटी करून आलेले तीस गार्ड वर्दीतच आणून बसवले. भले लोक! पण मराठीचा एक शब्द कळत नव्हता. मी बाहेरच समजावलं, "देखो भैया, मैं दूसरी लाइन में बैठूँगा. मैंने जेब से रूमाल निकाला, कि जोर से हँसना. वापस रखा, कि चुप."

"हव!" सगळ्यांनी एका आवाजात होकार दिला.

नानांना सांगितलं, वर्दी ट्रान्सपोर्ट कंपनीची आहे, लोक मराठी आहेत. खोटं बोललो. काय करता!

आणि काय रंगलं म्हणता! मी रुमाल काढला की छप्पर उडायचं. नाना फुलले. बारा वर्षांत असे आवाज काढले नव्हते त्यांनी. काचेमागं साहेब मान डोलावत होता. मला वाटलं, वाचलो.

शेवटचा जोक झाला, मी रुमाल ठेवून दिला. पण नाना उठले नाहीत. त्यांनी खिशातून एक कागद काढला. हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

"मंडळी, हा कार्यक्रम आज बंद होऊन राहिला," नाना म्हणाले. आवाज त्यांचा स्वतःचा, कोणाचा काढलेला नाही. "कोणी बंद करायच्या आधी मीच निरोप घेतो. माझे नातू माझ्याशी हिंदीत बोलतात. त्यांचं काही चुकलं नाही. पण मले हसू मराठीतच येते, त्याले मी काय करू? तुमी बारा वर्षं माझं ऐकलं. आता घरी जाऊन मी कोणाशी बोलू, ते मले काही सुचत नाही."

पाटणकर काकूंना हुंदका आला. माझ्याही डोळ्यांतून धार लागली, समोरचं दिसेना. मी खिशात हात घातला आणि रुमाल काढून डोळ्यांना लावला.

तीस माणसं! पोट धरधरून हसली! मागून कोणी तरी शिट्टीही मारली. मी घाबरून रुमाल खाली केला, पण खिशात ठेवायचं सुचलंच नाही. ते आपले हसतच राहिले.

साहेब काचेमागून धावत आला, नानांचा हात धरून गदागदा हलवला. "देवगांवकर जी, एंडिंग में तो कमाल कर दिया! ऐसी हँसी! कोई बंद-वंद नहीं, प्रोग्राम चलेगा!"

नाना त्याच्या हातात हात तसाच सोडून माझ्याकडे पाहत राहिले. साहेब गेल्यावर माझ्याजवळ आले. चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"गजाभाऊ," हळूच म्हणाले, "शेवटी मी जोक कोणता मारला रे?"